दोन रात्रींचा मुक्काम

अण्णा आणि माई यांच्या विवाहाला यंदा पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाली. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. माईंनी आयुष्यभर सांगलीच्या गावभागातील सासरचा वाडा, शेतीचा हिशेब आणि आल्यागेल्याचा पाहुणचार सांभाळला. न्यू जर्सीतील एडिसन येथे नोकरी करणाऱ्या मुलाकडे दोघे तीन महिन्यांसाठी गेले असता, मुलाने व सुनेने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांची समुद्रकाठी दोन रात्री राहण्याची सोय केली. गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गाने दक्षिणेकडे दोनएक तास प्रवास करून मुलाने त्यांना वाइल्डवूड क्रेस्ट या छोट्या गावी आणून सोडले.

एखादे उंच, काचेचे, नवेकोरे हॉटेल असेल, अशी अण्णांची समजूत होती. गाडी थांबली ती एका दुमजली, लांबट इमारतीपाशी. पुढे चंद्रकोरीच्या आकाराचा पोहण्याचा तलाव, बाजूला प्लास्टिकची ताडाची झाडे, बाहेरच्या बाजूला झुकलेल्या तिरप्या काचांची बैठकीची खोली आणि वरच्या मजल्याकडे वळत जाणारा, जणू अधांतरी तरंगणारा एक उतार. दारावर निऑनच्या वळणदार अक्षरांत नाव झळकत होते : कॅरिबियन मोटेल.

"अरे, हे तर माझ्या जन्माच्या सुमाराचं दिसतंय," अण्णा म्हणाले.

"खरंच तसं आहे, अण्णा. १९५७ सालचं," मुलगा हसून म्हणाला. "म्हणून तर इथं आणलं तुम्हाला."

'मोटेल' हा शब्द मोटार आणि हॉटेल या दोन शब्दांच्या संकरातून जन्मला. कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथे १९२५ साली आर्थर हाइनमन या वास्तुविशारदाने मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठी एक विश्रामस्थान बांधले, तेव्हा हा शब्द पाटीवर आला. गाडी थेट खोलीच्या दाराशी उभी करावी, सामान उतरवावे आणि सकाळी पुढे निघावे, एवढीच त्यामागची कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील सामान्य कुटुंबांच्या हाती मोटार आली, पगारी सुट्टी आली आणि महामार्ग झाले. पार्कवेचा रस्ता दक्षिण टोकापर्यंत पोहोचताच फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क परिसरातील कामगार आणि कारकून मुलाबाळांसह वाइल्डवूडच्या किनाऱ्यावर येऊ लागले. त्यांना दूरच्या बेटांवर जाणे परवडत नव्हते. म्हणून इथल्या बांधकाम व्यावसायिकांनी दूरची बेटेच इथे आणली. नावे उष्ण कटिबंधातील, झाडे प्लास्टिकची, छपरे अंतराळयानासारखी, रंग मिठाईसारखे. या शैलीला पुढे त्या काळातील गायनप्रकारावरून 'डू-वॉप' असे नाव पडले. लू मोरी या वास्तुविशारदाने आखलेले कॅरिबियन हे त्यांतील एक ठळक उदाहरण मानले जाते. २००५ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

खोली लहान, पण लख्ख होती. नळ, दिवे, वातानुकूलन, सारे आजचे. बाहेरचा आकार मात्र जुनाच. माईंनी लहानशा शीतकपाटात दह्याचे भांडे ठेवले, बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. सूर्य मावळण्यापूर्वी दोघांचे जेवण झाले. मग अण्णांनी सवयीने इमारतीला एक फेरी मारली. कठड्यांचे सांधे हाताने चाचपले, उताराखालचे खांब मोजले, पाण्याचा निचरा कुठे होतो ते पाहिले.

एक वयस्क कामगार कठड्याला रंग देत होता. अण्णांनी त्याला विचारले, समुद्राच्या इतक्या जवळ लोखंड टिकते कसे? तो हसला. टिकत नाही, त्याला टिकवावे लागते, असे त्याचे उत्तर होते. खारा वारा रोज थोडे थोडे खातो, आपण रोज थोडे थोडे परत घालायचे. थांबला तो हरला. अण्णांना हे उत्तर फार आवडले. खोलीत येऊन त्यांनी ते माईंना सांगितले. माईंनी ऐकले आणि त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या गप्प राहण्यामागे एक कारण होते. अण्णांच्या पेटीत, औषधांच्या पाकिटाखाली, एक करारपत्र होते. गावभागातला वाडा पाडून तिथे चार मजली इमारत उभी करण्याचा तो करार. २००५ च्या पुरात वाड्यात पाणी शिरले होते. २०१९ च्या पुरात ते माळ्यापर्यंत चढले आणि उतरायला आठवडा लागला. मागची भिंत फुगली, माजघराची एक तुळई वाकली. अण्णांचा हिशेब सरळ होता. जुन्या मातीच्या भिंतींवर आणखी किती खर्च करायचा? नव्या इमारतीत खाली वाहने, वर माणसे, पाणी आले तरी धास्ती नाही. दोन्ही धाकट्या भावांनी संमती दिली होती, मुलानेही दूरध्वनीवर होकार कळवला होता. परतल्यावर फक्त सही राहिली होती. विकसकाने एक आश्वासनही दिले होते : इमारतीला अण्णांच्या वडिलांचे नाव, दर्शनी भागावर ग्रॅनाइटमध्ये.

यात चूक काही नव्हते. अण्णा लोभी नव्हते, घाईतही नव्हते. पूर ही कल्पना नव्हती, अनुभव होता. तरीही गेले तीन महिने या विषयावर पती-पत्नीत एक वाक्यही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघे लाकडी फळ्यांच्या लांब पदपथावर फिरायला गेली. त्यावरून पिवळ्या-निळ्या छोट्या ट्रामगाड्या धावतात. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेल्या गाड्या पुढे इथे आल्या, ही माहिती अण्णांनी मोठ्या कौतुकाने माईंना सांगितली. ट्रामची फेरी करून परतताना ती दोघे डू-वॉप शैलीच्या छोट्या संग्रहालयापाशी उतरली. संग्रहालयाची इमारत स्वतःच एक जुने उपाहारगृह आहे. ते पाडले जाणार असे दिसताच जतन करणाऱ्यांनी त्याचा पोलादी सांगाडा सुटा करून जपून ठेवला आणि काही वर्षांनी या जागी पुन्हा जोडला. अण्णा त्या सांध्यांकडे अभियंत्याच्या नजरेने पाहत राहिले.

माई मात्र बाहेरच्या अंगणात थबकल्या. तिथे निऑनच्या पाट्यांची एक बाग आहे. मोठमोठ्या, रंगीत, वळणदार अक्षरांच्या पाट्या जमिनीत रोवून ओळीने उभ्या केल्या आहेत. संध्याकाळी त्या उजळतात.

"अहो, या पाट्यांची घरं कुठं आहेत?" त्यांनी विचारले.

अण्णांनी फलक वाचून सांगितले. या मोटेलांच्या पाट्या वाचवता आल्या, इमारती नाही. या शतकाच्या आरंभी किनाऱ्यावरील जमिनीचे भाव चढले. लहान मोटेल चालवण्यापेक्षा ते पाडून सदनिका बांधणे फायद्याचे ठरू लागले आणि एकामागून एक मोटेले गेली. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय जतन न्यासाने वाइल्डवूडच्या मोटेलांची गणना देशातील अकरा सर्वाधिक धोक्यातील ऐतिहासिक स्थळांत केली. राष्ट्रीय नोंदवहीत नाव असले, तरी खासगी मालकाला आपली इमारत पाडण्यापासून ती नोंद रोखू शकत नाही. जी वाचली, ती मालकांच्या इच्छेने वाचली.

माई बराच वेळ पाट्यांकडे पाहत होत्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आपल्या नव्या इमारतीवरही मामंजींचं नाव येणार आहे ना?"

अण्णांना उत्तर सुचले नाही.

परतीची वाट दोघांनी मुकाट्याने चालून काढली. रात्री तलावाच्या काठी खुर्च्या टाकून बसल्यावर अण्णांनीच विषय काढला.

"तुझ्या मनात वाडा पाडायचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण अगं, भिंत फुगलीय. उद्या ती कुणाच्या अंगावर पडली तर? भावनेवर घर उभं राहत नाही."

"मी कधी म्हटलं पाडू नका?" माई म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही. भाऊजींना विचारलंत, मुलाला विचारलंत. पूर ओसरल्यावर त्या घरातला चिखल कुणी उपसला? गुडघाभर होता. सोप्यातली फरशी मी हातानं घासलीय, एकेक. मागची भिंत कितपत फुगलीय ते तुम्ही दोरी लावून मोजलंत. मी रोज तिला हात लावते. ती गेलेलीच आहे. मागचं पडू दे. पण पुढचा सोपा आणि चौक धड आहे. त्यातलं एक लाकूड हललेलं नाही. हे सांगायला मला कुणी बसवलंच नाही."

अण्णांनी बोलायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कितीतरी धरणांच्या, कालव्यांच्या जागी जाऊन स्थानिक माणसांना विचारले होते की पाणी कुठवर येते, जमीन कुठे खचते. कागदावरच्या मोजमापापेक्षा त्या जागी राहणाऱ्याची माहिती पक्की असते, हे ते नव्या अभियंत्यांना शिकवत आले होते. स्वतःच्या घराबाबत मात्र ते त्यांना सुचले नव्हते.

"पुढं सोपा-चौक ठेवायचा आणि मागं उंच जोत्यावर नवं बांधायचं," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "होईल की नाही, सांगता येत नाही. पैसेही मिळतील त्यापेक्षा कमीच मिळतील. भाऊ तयार होतील असंही नाही."

"नाही झालं तर नाही," माई म्हणाल्या. "पण बघून मग ठरवा. न बघता नको."

पहाटे अण्णांना जाग आली तेव्हा माई आधीच उठून किनाऱ्यावर जाण्याच्या तयारीत होत्या. कोकणच्या समुद्रावर दोघांनी अनेकदा सूर्यास्त पाहिला होता. इथे पूर्वेला समुद्र, म्हणून सूर्य पाण्यातून वर येतो. वाळूचा पट्टा इतका रुंद, की पाण्यापर्यंत पोहोचता पोहोचता आकाश तांबडे झाले. दोघे न बोलता उभे राहिले. आदल्या दिवशीचे मौन आणि हे मौन यांत फरक होता, आणि तो दोघांनाही जाणवत होता.

खोलीत परतल्यावर अण्णांनी टेबलावरचा कागद ओढला आणि पेन्सिलीने वाड्याचा नकाशा काढायला घेतला. दिंडीदरवाजा, सोपा, चौक, माजघर, स्वयंपाकघर, परडे. हात सराईत होता. माई खांद्यावरून पाहत होत्या.

"बळदाचं दार तिकडं नाही," त्या म्हणाल्या. "इकडं, चौकाच्या अंगाला. आणि चुलीच्या वर झरोका आहे, तो राहिला तुमचा."

अण्णांनी खोडले, पुन्हा काढले. माईंनी आणखी एक कोनाडा दाखवला. मग जिन्याच्या पायऱ्यांची संख्या चुकली. ज्या घरात अण्णा जन्मले, त्या घराचा नकाशा पुरा व्हायला अर्धा तास आणि दोन माणसे लागली.

दुपारी मुलगा न्यायला आला. किल्ली परत देताना अण्णांची नजर कठड्याकडे गेली. तो कामगार आज पुढच्या खांबाला रंग देत होता. अण्णांनी लांबूनच हात वर केला. गाडीत बसल्यावर मुलाने विचारले, "कसं वाटलं जुनं मोटेल?"

"बांधकाम बरं आहे," अण्णा म्हणाले. "निगा चांगली ठेवलीय." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तू वाड्याबद्दल हो म्हणालास, तेव्हा आईला विचारलं होतंस का रे?"

मुलगा काही क्षण रस्त्याकडे पाहत राहिला. "नाही," तो म्हणाला.

"मीही नव्हतं विचारलं," अण्णा म्हणाले.

मागच्या आसनावर माईंच्या मांडीवर पिशवी होती. दह्याचे रिकामे भांडे, उरलेल्या दोन दशम्या आणि घडी घातलेला नकाशा तिच्यात होता. करारपत्र अजून अण्णांच्या पेटीतच होते, कोरे. सांगलीला परतल्यावर जुन्या बांधकामाचा जाणकार बोलवायचा, भावांना एकत्र बसवायचे आणि त्या बैठकीत माईंनी पहिल्यांदा बोलायचे, एवढेच त्या दोन रात्रींत ठरले होते. वाडा राहील की जाईल, ते पुढचे. एरवी अनेक घरांत एवढेही ठरत नाही, आणि मग दारावरच्या पाटीवरचे नाव तेवढे राहते.