धूर फोटोत छान दिसतो

गेल्या दिवाळीत मी आईला चूल पेटवायला लावली. गरज अजिबात नव्हती. घरात गॅस आहे, सिलिंडर भरलेला होता आणि करंज्या गॅसवरच तळायच्या हे आदल्या रात्री ठरलं होतं. पण मला फोटो हवा होता. ऑफिसच्या ग्रुपवर जो तो आपापल्या गावाकडचे फोटो टाकत होता. माझं गाव परतूर तालुक्यातलं, दाखवायला समुद्र नाही की घाट नाही. चूल होती.

ती मागच्या पत्र्याच्या खोलीत आहे, अंघोळीचं पाणी तापवायला. मी तिथल्या प्लास्टिकच्या बादल्या हलवल्या, युरियाचं पोतं फ्रेमबाहेर ओढलं, आईला गाऊन बदलून इरकल नेसायला लावलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येत होती. ती नीट उमटावी म्हणून चुलीत ओलसर पऱ्हाट्या घालायला सांगितल्या. आई फुंकणीने फुंकत होती, मधेच खोकत होती, आणि मी म्हणत होतो, "जरा हसून बघ की." चाळीसेक फोटो झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "झालं का रे? मंग राहिलेल्या गॅसवर तळते."

फोटो टाकला. 'किती शांत वाटतं', 'हीच खरी दिवाळी', 'आपण काय काय हरवून बसलोय'. प्रत्येक कमेंटला मी बदाम दिला.

हा लेख माझ्याविरुद्ध आहे, आणि तसेच फोटो काढणाऱ्या तुमच्याविरुद्धही. चुलीचा उबदार फोटो खोटा असतो, आणि त्या खोट्याची किंमत चुलीपुढे बसलेली बाई मोजते.

खोटं कसं, ते सांगतो. उजेडाची तिरीप आपल्याला दिसते ती हवेतल्या बारीक कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून. स्वच्छ हवेत ती दिसणारच नाही. म्हणजे फोटोत जे 'जादुई' दिसतं, तेच आईच्या छातीत जात असतं. ज्वाळेचा रंग टिकावा म्हणून आपण एक्स्पोजर खाली ओढतो. त्याबरोबर कोपरे काळे होतात आणि भिंतीवरची काजळी त्या काळोखात विरघळते. व्हाइट बॅलन्स हाताने बदलून नारिंगी वाढवतो. खोकला तर कुठल्याच सेन्सरवर उमटत नाही.

ही फ्रेम मुळात आपली नाहीच. नाताळातल्या फायरप्लेसचे फोटो आपण इतके पाहिलेत की घरातली आग म्हटलं की ऊब, लोकरी मोजे आणि कॉफीचा मग आठवतो. गंमत म्हणजे तिकडेही ते बऱ्यापैकी नाटकच आहे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स या टीव्ही चॅनेलने १९६६ च्या नाताळात, घरी फायरप्लेस नसलेल्या शहरी लोकांसाठी, जळत्या ओंडक्याचं चित्रण तासन् तास दाखवलं. ते जेमतेम १७ सेकंदांचं होतं, पुन्हा पुन्हा फिरवलेलं. १९७० मध्ये ते नव्याने चित्रित केलं, तेही कॅलिफोर्नियात ऐन ऑगस्टच्या उकाड्यात. पण त्या फायरप्लेसला एक गोष्ट होती जी आमच्या मागच्या खोलीत नाही: धुराडं. तिथे धूर बाहेर जातो आणि ऊब आत राहते. आमच्याकडे दोन्ही आतच.

धुराड्याची कल्पना आपल्याला नवी नाही. १९५० च्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची, धुराड्याची बिनधुराची चूल तयार केली होती. तेव्हा आमचा भागही हैदराबाद राज्यातच होता. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. आणि अजूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यात २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं पाच वर्षांखालची. गावात गॅस आहे, पण पुढचा सिलिंडर कधी भरता येईल याचा हिशोब करत तो जपून वापरला जातो. पाणी तापवायला चूल, चहाला गॅस. हा हिशोब करणाऱ्या बाईला आपण 'परंपरा जपणारी' म्हणतो.

यावर दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं, चुलीवरच्या भाकरीची चव. कबूल, चव आहे. म्हणूनच हायवेवर 'चुलीवरचं मटण' असे बोर्ड लागतात. पण तिथे आपण बाहेर खाटेवर बसून जेवतो, चुलीपुढे बसत नाही. दुसरं, आठवणी. आठवणींना माझी हरकत नाही. पण नीट आठवून बघा, त्या आठवणीत तुम्ही कुठे बसला होता? मी ताटासमोर होतो. फुंकणी माझ्या हातात कधीच नव्हती.

आगीचा फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. हिवाळ्यात पारावर शेकोटी पेटते, चेहरा भाजतो, पाठ गारठते, वर मोकळं आभाळ असतं, आणि कुणालाही त्या आगीवर वीस माणसांचं रांधायचं नसतं. तिचा काढा. चुलीचाच हवा असेल तर बादल्या आणि युरियाचं पोतं फ्रेममध्ये राहू द्या. आणि आधी अर्धा तास स्वतः फुंका. मग हसून दाखवा.

त्या फोटोसाठी मी घेतलेला ट्रायपॉड आणि छोटा लाइट मिळून साडेतीन हजारांचे होते. तेवढ्यात पत्र्याचा पाईप, टोपी आणि गवंड्याची मजुरी निघते. सळया बनवणाऱ्या जालन्यात पत्र्याचा पाईप शोधायला काही फिरावं लागत नाही. मला हे सुचायला एकोणतिसावं वर्ष लागलं. इंजिनिअरिंगची पदवी त्याआधी सात वर्षं भिंतीवर होती.

संक्रांतीला गावी जातोय. पाईपचं माप आईने फोनवर दिलंय, वितीत. सोबत म्हणाली, "त्याचा फोटो काढणार असशील तर आधीच सांग, मी साडी बदलणार नाही."