मुलगा पुण्यात, नाव गावच्या रेशनकार्डावर

तिकीट रद्द करताना ‘नक्की रद्द करायचं का?’ अशी चौकट पडद्यावर उगवते ना, तसल्या चौकटी मांडण्यावर माझं पोट चालतं. या चौकटींनी आम्हाला फार छळलंय. कोण कुणाच्या वर दिसणार, हे झेड-इंडेक्सचा आकडा ठरवतो. जुना कोड उघडावा तर कुणी 99 लिहिलेलं, पुढच्यानं 9999, त्याच्या पुढच्यानं 999999. तरी चौकट अर्धी कापलेलीच! ती ज्या डब्यात लिहिलीय, त्यालाच कडेबाहेरचं काही दाखवायची बंदी. आतला आकडा आतल्यांपुरता. घरातला थोरला म्हणून कुणी गावचा पाटील होत नाही.

यावर तोडगा म्हणून 2017मध्ये रिॲक्ट या वेबपानं बांधायच्या लायब्ररीच्या 16व्या आवृत्तीत पोर्टल आलं, 2020मध्ये तसल्याच व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीत टेलिपोर्ट. चौकट उचलायची आणि थेट पानाच्या शेवटी नेऊन ठेवायची. रिॲक्टच्या लेखी मात्र तिचा बाप तोच. मुलगा पुण्यात राहतो, नाव गावच्या रेशनकार्डावर, तसं. एकदा ऑर्डरच्या यादीत चौकटीतलं ‘नको’ दाबलं, की मागची ऑर्डरच उघडायची. क्लिक पोर्टलमधून निघून जुन्या बापाकडे पोचत होतं. अर्धा दिवस खाल्ला त्यानं.

तेही सोसलं. माझी तक्रार वेगळी आहे. चौकट मधोमध दिसली, की आम्ही हात झटकतो. माझ्या एका सहकाऱ्याला दिसत नाही. तो कीबोर्ड आणि पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. माझंच पान त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ‘रद्द करा’ दाबलं, ऐकू काहीच आलं नाही. टॅब दाबत दाबत उरलेल्या लिंका, तळाचा पत्ता, सगळं ओलांडून तो कसाबसा चौकटीपाशी पोचला. “अरे, ही कधी उघडली?”

एचटीएमएलमध्ये यासाठी डायलॉग हा टॅग आहे, मार्च 2022पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालणारा. तो मोडल म्हणून उघडला, की ब्राउझर चौकट स्वतःच सगळ्यांच्या वर रंगवतो, आकड्यांची भानगड नाही. मागच्या पानाला हातही लावू देत नाही. तरी आमची मंडळी सवयीनं पोर्टल लिहितात, वर फोकस सांभाळायला आणखी एक लायब्ररी ओढून आणतात. हो-नाही विचारणाऱ्या चौकटीला एवढा खटाटोप कशाला?

मी पान बदललं, त्याला पुन्हा बसवलं. चौकट उघडताक्षणी स्क्रीन रीडर बोलला. त्यानं एस्केप दाबलं. चौकट मिटली आणि आवाज परत ‘रद्द करा’ बटणावर आला.

“हं,” तो म्हणाला, “आता पुढचं पान दाखव.”