जोहे गावात बी.ए. कशाला?

९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला परवानगी दिली. विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात करायचं नाही, ही अट घालून. पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूर पट्ट्यात कारखानदारांचा जीव भांड्यात पडला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरालाही ही बातमी परकी नाही, कारण इथला रोजगार मोठ्या प्रमाणात त्या कारखान्यांवरच चालतो. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आली, मग कोर्टाचे आदेश, मग काकोडकर समितीचा अहवाल. पाच वर्षं रंगकाम करणाऱ्याची रोजी या कागदांवर टांगलेली होती. त्यातला एक तरी कागद मुळातून वाचलेला माणूस प्रत्येक वस्तीत हवा होता.

जून म्हणजे कॉलेजप्रवेशाचाही महिना. सल्ला ठरलेला : बी.ए. करून काय मिळणार? आयटीआय कर, धाटावला नाहीतर नागोठण्याला कंपनीत लाग. पोटाच्या दृष्टीने हा सल्ला चूक नाही. पण अख्ख्या वस्तीने तोच ऐकला तर आपल्या वतीने वाचणार, लिहिणार, भांडणार कोण?

आपल्याच जिल्ह्यातलं महाड आठवा. १९२७ चा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, त्यानंतरच्या दाव्याबद्दल फारसं बोलत नाही. हा दावा डिसेंबर १९२७ मध्ये सुरू झाला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात संपला. वाद होता इतिहासाचा : अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी खरोखर अनादि काळापासूनची आहे का? सवर्णांना ते सिद्ध करता आलं नाही. इतिहास, समाजशास्त्र, कायदा ही ‘बिनकामाची’ पुस्तकं तिथे पाण्याच्या हक्कासाठी कामी आली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेही कला आणि विज्ञानाचं, आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवून.

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं. याला लवचिकता म्हणतात. मला मात्र विचारावंसं वाटतं, या दारातून आधी बाहेर कोण पडणार? ज्याच्या घरी हंगामात हात कमी पडतात तोच. पहिल्या वर्षी समाजशास्त्राची तोंडओळख होते. शासन निर्णय उलगडून प्रश्न विचारायची सवय तेवढ्यात लागत नाही.

म्हणून आत्ताच कामाला लागू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाआधी काढून ठेवायचा. अर्ज भरायला विहारात एक संध्याकाळ बसायचं. आणि पेण-रोह्याच्या कॉलेजांकडे लेखी मागणी करायची, की गणपतीआधीचे तीन महिने कला शाखेचे तास सकाळी लावा.