आबांची आठवण आणि आमच्या घरातला तंबाखू

घरचा कर्ता माणूस कर्करोगाने गेला म्हणजे आमच्या समाजात दोन गोष्टी हटकून होतात. 'नशिबात होते' असे म्हणून चारचौघे मोकळे होतात, आणि कर्ज काढून तेरवी घातली जाते. गेलेल्याचा प्रेमळ स्वभाव, त्याचे कष्ट, लेकरांवरचा त्याचा जीव, सर्व काही बोलले जाते. तो कशाने गेला, एवढेच कोणी बोलत नाही. पंगत उठली की त्याच मांडवात सुपारी-तंबाखूचे ताट फिरते! या चालीविषयी आज आम्हांस स्पष्ट लिहिणे भाग आहे.

दाखल्यासाठी सर्वांना ठाऊक असलेला माणूस घेऊ. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात अंजनी नावाचे गाव आहे. तेथील गरीब शेतकऱ्याच्या घरी 16 ऑगस्ट 1957 रोजी जन्मलेले आर. आर. पाटील 'कमवा आणि शिका' करीत शिकले, 1979 साली जिल्हा परिषदेवर आणि 1990 साली विधानसभेवर निवडून गेले. पुढे गृहमंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले; पण लोकांनी त्यांना साहेब म्हटले नाही, आबाच म्हटले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे नाव लोक उगाच कोणाला देत नाहीत. 2000 साली त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान चालविले आणि गावोगावच्या लोकांच्या हाती खराटा दिला. 2007 साली गावातले तंटे गावातच मिटविण्याची मोहीम काढली. 2005 साली डान्सबार बंद केले तेव्हा त्यांचे सांगणे हेच होते की, यात घरे बुडतात.

अशा माणसाला 16 फेब्रुवारी 2015 रोजी, वयाच्या अवघ्या 57 व्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगाने नेले. त्यांची तंबाखूची सवय जगजाहीर होती. मुंबईचे नामांकित इस्पितळ होते, निष्णात डॉक्टर होते, अवघ्या महाराष्ट्राच्या सदिच्छा होत्या. तरी पत्नी, दोन मुली आणि शाळकरी वयाचा मुलगा मागे राहिले. पुढे लोकांनी पत्नीस त्याच साली आणि मुलास 2024 साली आमदार केले, हे लोकांचे प्रेम खरे. पण लोकांचे प्रेम मते देऊ शकते, लेकरांना बाप परत देऊ शकत नाही.

वाचकहो, अंजनी आमच्या वर्ध्याहून फार लांब आहे. पण तंबाखू दोन्हीकडे सारखाच. तिकडे चंची, इकडे खर्रा. आर्वी, देवळी, हिंगणघाट, कोठेही जा; सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटणारा हात दिसल्याशिवाय राहत नाही. निंदणाला आलेल्या मजुराला भाकरीबरोबर तंबाखू द्यावा लागतो. सुताराच्या पटाशीजवळ, लोहाराच्या भात्याजवळ डबी असतेच. दारूबंदीचा जिल्हा म्हणून आम्ही मिरवतो आणि टपरीवर पोराला नोट देऊन बापाचा खर्रा आणावयास धाडतो! अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकू नये असा कायदा 2003 पासून आहे. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे. कायदा कागदावर राहतो, पुडी खिशात राहते. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील दर शंभर प्रौढांपैकी 24 हून अधिक माणसे चघळण्याचा वा मळण्याचा तंबाखू वापरणारी निघाली.

कोणी म्हणेल, 'आमचा आजा नव्वद वर्षे तंबाखू खाऊन जगला.' जगला असेल. पण बैलबंडी एकदा दरीच्या काठावरून सुखरूप गेली म्हणून रोज कोणी तेथून बंडी हाकतो काय? दुसरा म्हणेल, 'मी नुसती सुपारी खातो.' त्याने ऐकून ठेवावे की, तंबाखूवाचून नुसती सुपारीही कर्करोग करते, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा 2004 सालचा निर्णय आहे. तिसरा पूर्वजन्मीच्या पापाकडे बोट दाखवील. पाप पूर्वजन्मीचे नव्हे, ते याच जन्मी टपरीवर विकत मिळते. एक खर्रा वीस रुपयांचा धरा, दिवसाला दोन धरा. वर्षाचे 14,600 रुपये झाले. एवढ्यात पोरीच्या शिक्षणाचा केवढा भार उचलला गेला असता!

हा रोग चोरासारखा येत असला तरी पाऊल न वाजविता येत नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा पडतो. जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही. तिखट लागताच आग होते. तोंड उघडता उघडत नाही, स्वतःची तीन बोटे उभी आत जात नाहीत. मानेत गाठ लागते. यांतले एकही लक्षण दिसले तर भगताकडे जाऊ नये, 'दात आला असेल' म्हणून थांबू नये. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसती उजेडात पाहिली. 2005 साली त्याचा निकाल आला: व्यसनी माणसांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. मोठे यंत्र लागले नाही. उजेड लागला आणि तोंड उघडण्याची तयारी लागली.

ती सोय आपल्या दारातही आहे. तीस वर्षांवरील माणसांचे तोंड तपासणे हे सरकारी आरोग्य उपकेंद्राचे काम आहे, आशाताईला विचारा. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे इस्पितळ आहे. नागपूरच्या कर्करोग इस्पितळाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, आणि महाराजही 1968 साली याच रोगाने गेले. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. शिधापत्रिका घेऊन जा आणि हक्काने विचारा. तो उपकार नव्हे.

आमच्या मायबहिणींना विशेष सांगणे आहे. नवऱ्याला बरे वाटावे म्हणून डबी भरून देणे ही माया नव्हे. भांडा, पण डबी भरू नका. आणि तुमच्या मिश्रीलाही आजच रजा द्या. एकदम सुटत नसेल तर डॉक्टरांची मदत घ्यावी, त्यात लाज कसली?

ज्या घरातून असा माणूस गेला आहे, त्या घराने त्याच्या श्राद्धाला पंगत घालण्याऐवजी गावातल्या दहा माणसांना तपासणीस न्यावे. ज्या गावाला आबा आठवतात, त्या गावाने येत्या 16 फेब्रुवारीला फोटोला हार घालून घरी जाऊ नये. चावडीवर आशाताईला आणि डॉक्टरांना बोलवावे, बाकड्यावर बसावे आणि एकेकाने तोंड उघडून दाखवावे. पहिल्या रांगेत सरपंचाने बसावे.