मागे बसणारीलाही विचारा!

नवी मोटारसायकल घ्यायची ठरली की घरात कशी चर्चा रंगते, ते जरा आठवून बघा. ॲव्हरेज किती देते, पिकअप कसा आहे, हप्ता किती बसेल, रंग काळा घ्यायचा की लाल... शेजारच्या काकांपासून कॉलेजात जाणाऱ्या भाच्यापर्यंत सगळे आपापलं मत देऊन मोकळे होतात. शोरूममध्ये गाडीवर बसून बघतात ते घरातले पुरुष. हळदीकुंकू लावायला आणि हार घालायला मात्र आपल्याला पुढे करतात! ज्या सीटवर पुढची आठ-दहा वर्षं आपल्याला बसायचंय, ती सीट कशी आहे, हे कुणी विचारत नाही. हप्ता कितीदा तरी आपल्याच बचत गटाच्या कर्जातून जातो, तरीही नाही.

मैत्रिणींनो, आपल्यासारख्या लहान गावांत मोटारसायकल ही काही चैनीची वस्तू राहिलेली नाही. माहेरी जायचं तर गाडी, लग्नाला जायचं तर गाडी, तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर गाडीच. सोलापूरहून तुळजापूरला आईच्या दर्शनाला जायचं म्हटलं तरी ४५ किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पंढरपूर तर सत्तरच्या पुढे. म्हणजे जाऊन-येऊन तीन-चार तास डबलसीट! उतरल्यावर कंबर धरून उभं राहावं, तर ऐकायला काय मिळतं? ‘‘गाडीवर बसून तर आलीस, चालत थोडीच आलीस?’’

मला हे वाक्य पटत नाही. मागच्या सीटवरचं दुखणं हा निमूट सोसायचा विषय नाही, दुरुस्त करायचा विषय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती दुरुस्ती फार अवघड किंवा फार महागही नाही.

मागेच जास्त का दुखतं?

चालवणारा आणि मागे बसणारी एकाच गाडीवर असले, तरी दोघांचा प्रवास सारखा नसतो. चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो. आपण बसतो जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर. त्यामुळे चाक खड्ड्यात गेलं की पहिला दणका आपल्याला. त्याच्या हातात हँडल असतं, दोन्ही पाय टेकलेले असतात, म्हणून अंगाचा थोडा भार हातापायांवर जातो. आपला सगळा भार बैठकीवर. शिवाय त्याला खड्डा आधी दिसतो. तो सावरून बसतो, जरासा उचलतोही. आपल्याला दिसते ती त्याची पाठ! खड्डा कळतो तो कंबरेत बसल्यावरच.

आपण बसतो तेव्हा अंगाचा भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतो. बायकांमध्ये या दोन हाडांतलं अंतर सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. म्हणजे आपल्याला सीट जरा रुंद हवी. प्रत्यक्षात हल्लीच्या बऱ्याच गाड्यांची मागची सीट पुढच्यापेक्षा अरुंद, उंच आणि पुढे उतरती असते. ऐटदार दिसते खरी, पण अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात आणि प्रत्येक ब्रेकला आपण घसरून पुढे जातो. जुन्या सरळ लांब सीटच्या गाड्या दिसायला साध्या असतील, पण बायकामाणसांना त्याच सोयीच्या होत्या, असं मला वाटतं.

मऊ म्हणजे सुखाची नव्हे

‘सीट बदलून घ्या’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गादीसारखी मऊ सीट येते. इथेच सगळे फसतात. फार मऊ फोम बसल्यावर दबून जातो आणि खालच्या कडक पत्र्याला हाडं टेकतात. दहा मिनिटं छान वाटतं, तासाभरात जीव नकोसा होतो. सीट हवी घट्ट, पण दाबल्यावर परत वर येणारी. घरच्या गाडीची परीक्षा सोपी आहे. मागच्या सीटवर मूठ जोरात दाबा. खालचा कडकपणा लगेच हाताला लागला, किंवा मूठ काढल्यावर खड्डा तसाच राहिला, तर तो फोम संपला असं समजा. रोजच्या वापराने तो बसतोच. पायातल्या चपलेचा तळ झिजतो, तसाच!

जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी सीट शिवून देणारा कारागीर असतो. नव्या सीटच्या मानाने फोम आणि रेक्झीन बदलायला खर्च पुष्कळच कमी येतो. पण तिथे स्वतः जायला हवं. आमच्या गाडीची सीट करायला मी मुद्दाम बरोबर गेले. त्या भाऊंनी सवयीने यांनाच गाडीवर बसवलं आणि विचारलं, ‘‘तुम्हाला कशी पाहिजे?’’ मी म्हटलं, ‘‘भाऊ, पुढची ठीक आहे. मागे बसणारी मी आहे, मला विचारा की!’’ ते हसले, पण मग मला बसवून माप घेतलं. मागची बाजू जराशी भरून उतार काढला आणि मांडीला टोचणारी कड गोल केली. माहेरपर्यंतच्या प्रवासात पडलेला फरक मला चांगलाच जाणवला.

सीट करून घेताना चार गोष्टी सांगायच्या. एक, उतार नको, बसायची जागा सपाट हवी. दोन, कडा गोल हव्यात, म्हणजे मांडीखालची शीर दबत नाही. तीन, रेक्झीन गुळगुळीत नको, खरखरीत हवं. नाहीतर ब्रेक लागला की आपण घसरणारच. चार, शिलाईतून पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून रेक्झीनखाली प्लॅस्टिकचा कागद घालायला सांगा. एकदा फोमने पाणी प्यालं की तो दिवस दिवस ओला राहतो आणि लवकर कुजतो. आणि हो, सीट उंच करून घेतली तर पाय फुटरेस्टला नीट टेकतात ना, ते तिथेच बसून बघा. लोंबकळते पाय कंबर आणखी दुखवतात.

घडी घातलेली चादर किंवा उशी सीटवर ठेवून बसणाऱ्या बायका मी पाहते. त्यांचा त्रास समजतो, पण हे करू नका. उशी सरकली तर आपणही सरकतो. पट्ट्यांनी घट्ट बसणारं कुशन मिळतं, ते वापरा. हवेचं कुशन असेल तर ते टम्म फुगवायचं नाही. बसल्यावर हाडं खाली टेकणार नाहीत, एवढीच हवा पुरते.

पैसे न लागणारे उपाय

आता जे सांगते, त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका कपाटातून काढा. मागच्या चाकात हवा किती भरायची, याचे त्यात बहुधा दोन आकडे असतात. एक एकट्यासाठी, एक डबलसीटसाठी. लांब जाताना डबलसीटचा आकडा बघून हवा भरायची. ‘भरलेली बरी’ म्हणून ठासून भरली तर दणके वाढतात, कमी भरली तर गाडी डुलते.

दुसरं म्हणजे मागचे शॉकअप. बहुतेक साध्या गाड्यांच्या शॉकअपला खाली खाचा असतात. त्या फिरवून शॉकअप कडक किंवा नरम करता येतो. एकट्याच्या वजनाला ठेवलेला शॉकअप दोघांच्या वजनाने दबून जातो आणि मोठा खड्डा आला की ‘धाड्’ करून खाली आपटतो. दोघांनी जायचं असेल तर एक-दोन खाचा वाढवायच्या, परत आल्यावर कमी करायच्या. मिस्त्रीला पाच मिनिटांचं काम. ही सोय गाडीत पहिल्या दिवसापासून असते, पण कितीतरी घरांत ती एकदाही वापरली जात नाही.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त. चालवणाऱ्याने तोंड उघडायचं! ‘‘खड्डा आला,’’ ‘‘ब्रेकर आहे,’’ एवढे दोन शब्द बोलले की आपण सावरून बसतो. आणि पाऊण-एक तासाने थांबायचंच. उतरून चार पावलं चालायची, पाठ ताणायची, पाणी प्यायचं. वाटेत सोय नाही म्हणून बायका घरून निघतानाच पाणी पीत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं. तिथेच थांबायचं आधी ठरवा, आणि विचारायला लाजू नका.

एका बाजूला बसायचं का?

हा जरा नाजूक विषय. एका बाजूला पाय सोडून बसलं की पाठीचा कणा पिळला जातो, भार एकाच कुल्ह्यावर येतो आणि तोलही धड राहत नाही. गावातल्या गावात ठीक आहे. पण पन्नास-साठ किलोमीटरला दोन्हीकडे पाय टाकून बसणं केव्हाही चांगलं. ‘सुनेने असं बसावं का,’ हा प्रश्न अजून बऱ्याच घरांत आहे. सासूबाईंशी भांडण काढा असं मी म्हणत नाही. ‘‘आई, कंबर दुखते, लांबच्या प्रवासाला ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसते,’’ असं सरळ सांगून बघा. ज्या सासूबाईंची स्वतःची कंबर दुखलेली असते, त्यांना हे पटतं. आणि लग्नाला जायचं असेल तर साडी पिशवीत घेऊन तिथे नेसता येतेच की!

साडीतच जायचं असेल, तर साडीगार्ड हवंच. हल्लीची पोरं ‘लूक बिघडतो’ म्हणून ते काढून टाकतात. त्यांना सांगा, ही हौसेची वस्तू नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण असायलाच हवं, असं लिहिलंय. मागे बसणारीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून! पदर-ओढणी चाकात जाऊन झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतोच. हेल्मेटचंही तेच. १९८८ चा कायदा चालवणाऱ्याइतकाच मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतो. आणि चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसवायची परवानगी देतो. दोघांच्या मध्ये तिसरं कुणी कोंबलं, की सीटवर केलेला सगळा खर्च पाण्यात.

लाड नव्हे, हक्क

‘‘आमच्या वेळी बैलगाडीतून जायचो, आम्ही नाही कुरकुरलो,’’ असं जुनी माणसं म्हणतात. खरं आहे. पण बैलगाडी ताशी पन्नासच्या वेगाने गतिरोधकावरून उडत नव्हती! आणि त्या वेळच्या बायकांनी सोसलं, म्हणून आपणही सोसायचं, हा कुठला न्याय?

काही वेळा मात्र गाडीचा हट्टच सोडायला हवा. दिवस गेलेले असतील, मणक्याचा त्रास असेल, तर सीट कितीही चांगली असो, आधी डॉक्टरांना विचारा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ती सोय कशासाठी आहे? ‘घरी गाडी असताना एसटीने कशाला,’ या बोलण्याकडे खुशाल दुर्लक्ष करा.

आपल्या घरातला पुरुष काही मुद्दाम त्रास देत नसतो. त्याला मागचं दुखणं कळतच नाही, कारण तो मागे बसतच नाही. म्हणून मी एक उपाय सुचवते. एखाद्या रविवारी त्याच्या मित्राला गाडी चालवायला सांगा आणि यांना बसवा मागे, चांगलं वीस किलोमीटर. परत आल्यावर सीटवाल्याचा पत्ता ते स्वतःच विचारतील.

आणि पुढची गाडी घ्याल तेव्हा? शोरूममध्ये सरळ पुढे व्हा आणि सांगा, ‘‘थांबा, आधी मी मागे बसून बघते.’’ चाचणीला दोघं मिळून जा, गतिरोधकावरून न्या, आणि बसून बरं वाटलं तरच पसंती द्या. हार-कुंकवाचा मान त्यानंतर. बघा, पटतंय का!