पिंजऱ्यातले पथ्य

"भूक लागली की खाईल मुकाट्याने!" जेवताना कुरकुर करणाऱ्या मुलांच्या पालकांना हा सल्ला मी वर्षानुवर्षे देत आलो. पक्ष्याला तो लागू पडत नाही, हे मला घरच्या कॉकाटीलने शिकवले.

त्याला सूर्यफुलाच्या बियांखेरीज काही चालत नसे. नुसत्या बियांत स्निग्धांश फार. 'अ' जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी. त्यातून लठ्ठपणा येतो, यकृतात चरबी साठते. म्हणून एके सकाळी मी बिया बंद करून गाजर आणि मेथी ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. पशुवैद्यांनी मलाच खडसावले. इतका लहान जीव एक-दोन दिवसांच्या उपासानेही दगावू शकतो. अनोळखी पदार्थ त्याला अन्न वाटतच नाही!

मग बिया हळूहळू कमी केल्या. सकाळी भुकेच्या वेळी किसलेले गाजर, मक्याचे कोवळे दाणे ठेवले. धुतलेली ओली मेथी पिंजऱ्याला टांगली. त्याच्यासमोर आम्हीही गाजर खाल्ले, कारण पक्षी पाहून शिकतात. रोज वजन व विष्ठा पाहिली. वजन घटताच बिया वाढवल्या. मीठ, चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो मात्र कटाक्षाने दूर ठेवले. दोन महिन्यांनी स्वारीने मेथीला चोच लावली.

आवडेल तेवढेच देणे हा लाड झाला. ते एकदम तोडणे हा जुलूम. पथ्य सांगणाऱ्यानेही धीर धरावा, हे आता रुग्णांशी बोलतानाही मी लक्षात ठेवतो.