मनातले चांदणे

‘चोराच्या मनात चांदणे’ असे ज्या कुणी प्रथम म्हटले, त्याने एक शास्त्रीय सिद्धान्तच मांडून ठेवला! ओठांवर खोटे असले तरी आत खरे लख्ख दिसत असते. ते चांदणे यंत्राने टिपता येईल काय?

2002 साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, डॉ. डॅनिएल लँगलेबेन यांनी 18 जणांवर एक प्रयोग केला. प्रत्येकाला किलवरची पंजी दिली आणि सांगितले, “यंत्रात पडून ‘ही पंजी माझ्याकडे नाही’ असे बेधडक सांगा. फसवणूक साधली तर 20 डॉलर तुमचे!” मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायूने भरलेले रक्त अधिक धावते, हे त्या चुंबकीय यंत्रात दिसते. खोटा नकार देताना मेंदूच्या पुढच्या बाजूच्या काही भागांत लगबग वाढली. खरे आपसूक तोंडावर येते. खोटे बोलायचे तर त्या खऱ्याला आधी दारातच अडवावे लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता खोटारड्यांची धडगत नाही, असे वाटते ना? पण 2011 साली जॉर्जिओ गॅनिस यांच्या प्रयोगात माणसांनी आपली जन्मतारीख लपवली, तेव्हा यंत्राने शंभर टक्के ओळखली. मग त्यांना हातापायांची बोटे कुणाला न कळेल अशी किंचित हलवायची युक्ती शिकवली. यंत्र 33 टक्क्यांवर घसरले. आमच्या परीक्षेत तेवढ्यावर नापास करतात!

हा नुसता गमतीचा विषय असता तर प्रश्न नव्हता. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा दिली. चाचणी निराळ्या जातीची, पण भरवसा तोच. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, संमतीवाचून अशी चाचणी घेता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या 20 व्या कलमाला मंजूर नाही.

मला हे फार मोलाचे वाटते. मराठीत थाप आहे, लोणकढी आहे, बतावणी आहे, आळही आहे. आजारी आजीला डॉक्टरांचे बोलणे न सांगणारा मुलगा आणि खोटी साक्ष देणारा लफंगा, दोघांनाही खरे अडवूनच धरावे लागते. रक्ताची धाव मोजता येते. ती कशापायी, हे माणसालाच विचारावे लागते. आणि त्याला गप्प बसायचे असेल, तर बसू द्यावे लागते.